असरचा वाचन तपासणीचा कागद वापरून बघितला, तिसरी-चौथीच्या बाईंचा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू कुठल्या महागड्या किटचा किंवा क्लासचा नाहीये, एका फुकट मिळणाऱ्या कागदाचा आहे. प्रथम संस्थेच्या असर सर्वेक्षणात मुलांचं वाचन तपासायला जे साधन वापरतात ना, तेच. असर सेंटरच्या वेबसाइटवर मराठीतलं साधन मिळतं, डाउनलोड करा, प्रिंट मारा, झालं. मी जळगाव जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे, आणि गेली काही वर्षं जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मी हाच कागद घेऊन बसते. माझं मत एका वाक्यात हवं असेल तर मूल कुठे अडलंय हे इतक्या पटकन आणि इतक्या स्वस्तात सांगणारं दुसरं काही मला अजून मिळालेलं नाही, पण मुलाला वाचलेलं समजलं का हे हा कागद विचारतच नाही, ते तुम्हालाच विचारावं लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. प्रथम ही संस्था नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झाली, माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी सुरू केली, आणि २००५ पासून त्यांचा असर अहवाल, म्हणजे मुलांना वाचन आणि गणित कितपत येतं याचा अहवाल, यायला लागला. सर्वेक्षण ग्रामीण भागात होतं आणि शाळेत नाही, घरोघरी जाऊन होतं, म्हणजे जे मूल शाळेत येतच नाही तेही त्यात सापडतं. २०२४ च्या अहवालात ६०५ जिल्हे आणि साडेसहा लाखांच्या आसपास मुलं होती, आणि देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २७.१ टक्के निघाली. २०२२ ला हाच आकडा २०.५ होता, कोरोनाच्या आधी २०१८ ला २७.३. म्हणजे घसरलो होतो तिथून परत वर आलो, पण आलो ते जुन्या जागेवरच, शंभरातली सत्तरपेक्षा जास्त मुलं अजून मागेच आहेत. दरवेळी पेपरात हेडलाइन येते, लोक दोन दिवस हळहळतात आणि विषय संपतो. पण ज्या कागदाने हा आकडा काढलाय तो कागद आपण आपल्या वर्गात वापरू शकतो हे फार कमी जणांच्या डोक्यात येतं, म्हणून हा लिहायचा खटाटोप.

कागदावर चार गोष्टी असतात, सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचे छोटे उतारे आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. सुरुवात अक्षरांपासून करायची नाही, उताऱ्यापासून करायची. मुलाला दोनपैकी एक उतारा वाचायला द्यायचा, सावकाश वाचला तरी चालतं पण वाक्य वाक्यासारखं वाचलं पाहिजे, एकेक शब्द सुटा सुटा तोडून नाही, आणि चुका तीनपेक्षा जास्त नकोत. जमलं तर गोष्ट द्यायची, नाही जमलं तर खाली शब्दांवर यायचं. पाच शब्दांपैकी चार आले तर शब्द पातळी, तेही नाही तर अक्षरं, पाचपैकी चार आली तर अक्षर पातळी, आणि नाहीच आली तर प्रारंभिक. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात, अडखळणारं असेल तर जरा जास्त.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शब्द आणि अक्षरं कुठली वाचायची ते मूल स्वतः निवडतं. ऐकायला किरकोळ वाटेल पण वर्गात बघा काय फरक पडतो ते. घाबरलेलं मूल आधी आपल्याला येणाऱ्या अक्षरावर बोट ठेवतं, ते बरोबर येतं, मग जरा धीर येतो, आणि मग पुढचं वाचतं. आपल्याकडे वाचन तपासणे म्हणजे पुस्तक उघडायचं, पान नंबर सांगायचा, मुलाला उभं करायचं आणि चाळीस जणांसमोर वाच म्हणायचं, त्यात त्या मुलाचं वाचन तपासलं जात नाही, त्याची भीती तपासली जाते. हा कागद मी व्हरांड्यात घेऊन बसते, बाकीच्यांना चित्र काढायला किंवा गणिताचा सराव देते, आणि एकेकाला शेजारी बसवून घेते, समोर नाही शेजारी.

लेखी पेपरातून हे का कळत नाही तेही सांगते. उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहा असा प्रश्न असतो, मुलाने कोरा सोडला तर आपल्याला काय कळलं? त्याला अक्षरच येत नाही, का वाचता येतं पण लिहिता येत नाही, का प्रश्न कळला नाही, का वेळच पुरला नाही? शून्य मार्क चारही जणांना सारखेच, आणि चौघांना शिकवायचं मात्र वेगवेगळं.

मागे माझ्याकडे चौथीत एक मुलगा होता, आईवडील ऊसतोडीला जाणारे, दिवाळीनंतर गाव सोडायचं ते पार मार्च-एप्रिलपर्यंत. वरच्या वर्गात ढकलत ढकलत आलेला. सगळे म्हणायचे त्याला काहीच येत नाही, तो स्वतःही तेच म्हणायचा, "मॅडम, माले येतच नही." उतारा दिला तर गप्प. शब्दांवर आलो तर बोट ठेवून पुटपुटायला लागला, "क ला काना का, ग, द". मी म्हटलं आता एकत्र वाच, तर म्हणाला "कादग", मग थांबला, परत बघितलं आणि "कागद" म्हणाला. हे बघा, या मुलाला अक्षरं पक्की येतात, काना पक्का येतो, चूक झाली तर त्याची त्याला कळते, फक्त तुकडे जोडायचा सराव नाही. "काहीच येत नाही" आणि "जोडायचा सराव नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिल्यावर काय करायचं कोणालाच कळत नाही आणि दुसऱ्यावर उद्या सकाळी काय करायचं हे कोणत्याही शिक्षकाला कळतं. त्याला मी मुळाक्षरं परत गिरवायला लावली नाहीत, दोन अक्षरी, तीन अक्षरी शब्दांची कार्डं दिली आणि काना-मात्रा तोंडाने न म्हणता सरळ शब्द म्हणायची सवय लावली.

आता मराठीपुरत्या काही गोष्टी, या साधनाच्या सूचनांमध्ये सापडणार नाहीत पण वापरताना हमखास समोर येतात. एक म्हणजे सारखी दिसणारी अक्षरं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, यात गल्लत करणारं मूल आणि अक्षरच न येणारं मूल वेगळं. ख ला "रव" वाचणारी मुलं तर दरवर्षी असतात, छपाईत ख चे दोन भाग जरा लांब पडले की मूल ते दोन अक्षरं म्हणूनच वाचतं, त्यात त्याचा काही दोष नाही. म्हणून मी नुसती पातळी लिहून थांबत नाही, मूल जे बोललं ते जसंच्या तसं वहीत बाजूला लिहून ठेवते. नंतर घरी ती पानं चाळली की कोणाला काय द्यायचं ते आपोआप दिसतं.

दुसरं म्हणजे बोली. आमच्याकडे घरी अहिराणी, लेवा बोली, काही आदिवासी मुलांची पावरी, तांड्यावरच्या बंजारा मुलांची गोरमाटी. मूल "केळी" हा शब्द बघून "केयी" वाचतं, "डोळा" ला "डोया" म्हणतं, "पाणी" ला "पानी". ही चूक धरायची का? मी अजिबात धरत नाही. त्या मुलाने अक्षरं बघितली, शब्द ओळखला, अर्थ लागला आणि आपल्या घरच्या जिभेने तो बोलून दाखवला, याहून चांगलं वाचन ते काय असतं! उच्चार दुरुस्त करायला वर्षभर आहे, तपासणीत तीन चुकांची मर्यादा असताना असले तीन शब्द चुका म्हणून धरले तर चांगलं वाचणारं मूल एक पायरी खाली बसतं आणि त्याच्यावर शिक्का बसतो. बाहेरच्या जिल्ह्यातून कोणी तपासायला येणार असेल तर त्याला हे आधी सांगून ठेवा, मी तरी सांगतेच. पावरी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या लहान मुलाचं अजून वेगळं, त्याला अक्षर येतं, शब्दही जोडता येतो पण तो मराठी शब्दच त्याने कधी ऐकलेला नसतो, मग वाचूनही चेहरा कोराच राहतो. तिथे अडचण वाचनाची नसून भाषेची असते, आणि त्याला गोष्टी ऐकवायला आणि बोलतं करायला हवं.

तिसरं, डोळे. कागदावर अक्षरं आणि शब्द मोठ्या टायपात असतात, गोष्ट त्यामानाने बारीक. एक मुलगी शब्द फटाफट वाचायची आणि उताऱ्यावर आली की अडखळायची, मला आधी वाटलं सलग वाचायचा सराव कमी आहे, मग बघितलं की ती कागद नाकापाशी धरतेय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत आली तेव्हा डोळे दाखवले, चष्मा लागला, आणि दिवाळीपर्यंत ती गोष्ट वाचायला लागली. तेव्हापासून गोष्टीची एक मोठ्या टायपातली प्रत मी जवळ ठेवतेच, शंका आली की ती द्यायची.

आता कमी कुठे पडतं ते. सगळ्यात मोठी उणीव आधी म्हटली तीच, अर्थ. मूल गोष्ट धडाधड वाचतं, एकही चूक नाही, नियमाप्रमाणे सर्वात वरची पातळी, आपण खूश. एका मुलीने असंच एका दमात वाचलं, मी म्हटलं छान, आता माझी एक गोष्ट वाच बरं, आणि मी हाताने लिहिलेली सात-आठ वाक्यांची गोष्ट दिली, चिंगीची शेळी हरवते, ती ओढ्याकडे शोधायला जाते, तिथे घंटेचा आवाज येतो, अशी. वाचली छान. विचारलं, शेळी कुठे सापडली? तर ती पहिल्या ओळीपासून परत मोठ्याने वाचायला लागली. उत्तर शोधायला नाही, तिला खरंच वाटलं की बाईंना परत वाचून हवंय. तिच्यासाठी वाचणे म्हणजे आवाज काढणे, आणि त्यात तिचा दोष नाही, आपणच पहिलीपासून "मोठ्याने वाच, अडखळू नको" एवढंच सांगत आलोय.

म्हणून मी असरच्या गोष्टीनंतर नेहमी तीन प्रश्न जोडते. एक सरळ, उत्तर गोष्टीत लिहिलेलंच आहे असा. दुसरा जरा विचार करायला लावणारा, म्हणजे घंटेचा आवाज ऐकून चिंगी पळत का सुटली, हे गोष्टीत कुठे लिहिलेलं नाही पण कळतं. आणि तिसरा त्याच्या स्वतःच्या मनाचा, तू असतास तर काय केलं असतंस. तिसऱ्याला बरोबर-चूक काही नाही, पण मुलाचा चेहरा खुलतो आणि गोष्ट आत गेली की नाही ते समजतं. खरं सांगायचं तर हे साधन देशभर लाखो मुलांवर, स्वयंसेवकांच्या हातून, थोड्या वेळात वापरायला बनवलंय, त्यामुळे ते साधं ठेवलंय हे मला पटतं. पण आपल्या वर्गात आपल्याला वेळ आहे, तिथे प्रश्न न विचारता पातळी लिहून मोकळं होणं योग्य नाही.

दुसरी मर्यादा म्हणजे वरचं टोक. दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचली की कागद संपला. चौथी-पाचवीतलं चांगलं वाचणारं मूल आणि कसंबसं गोष्टीपर्यंत पोचलेलं मूल, दोघं एकाच रकान्यात. चौथीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात जे जोडाक्षरांनी भरलेले शब्द येतात, रफार, ष्ट, क्ष, ज्ञ, त्यांची तपासणी यात जवळजवळ नाहीच. वरच्या गटासाठी मी किशोर मासिकातला एखादा उतारा वापरते, आणि परिसर अभ्यासातलं न शिकवलेलं अर्धं पान.

वेगाचं काय, असं बरेच जण विचारतात, कारण निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात मिनिटाला किती शब्द हे दिलंय. जुलै २०२१ मध्ये ते अभियान आलं, त्यात दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द, अर्थ समजून, असं लक्ष्य आहे. असरच्या कागदावर घड्याळ नाही आणि मला ते बरं वाटतं. वेग बघायलाच हवा, कारण फार हळू वाचणाऱ्या मुलाचं वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, पण मराठीत शब्द मोजताना जरा भान ठेवा. आपल्याकडे विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं शब्दाला चिकटतं, "शेतकऱ्यांसाठीसुद्धा" हा एकच शब्द मोजायचा, आणि "तो घरी गेला" हे तीन. उतारा कसा निवडला त्यावर मूल पास का नापास ठरतं. एनसीईआरटीने २०२२ ला तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास केला तेव्हा भाषेभाषेचे निकष वेगवेगळे ठरवले ते म्हणूनच. मी मोबाईलवर वेळ लावते पण खिशात ठेवून, मुलाला दिसू देत नाही. घड्याळ दिसलं की मुलं धावत सुटतात आणि पूर्णविराम कुठेच्या कुठे जातात.

पाठांतराची भानगडही आहेच. व्हरांड्यात एकाने वाचलं की खिडकीतून दहा जणांनी ऐकलेलं असतं, तिसऱ्या-चौथ्या मुलापर्यंत गोष्ट तोंडपाठ. मुलं हुशार असतात हो! ओळखायची खूण म्हणजे बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. शंका आली की मी वरच्या ओळींवर पट्टी ठेवते आणि मधल्याच वाक्यापासून वाचायला सांगते, लगेच कळतं. साधनाचे वेगवेगळे नमुने मिळतात, ते सगळे प्रिंट करून आलटून पालटून वापरा, एकच नमुना वर्षभर वापरला तर जून ते मार्च प्रगती झाली ती वाचनात का पाठांतरात हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही.

तुलनेसाठी, मोबाईलवर वाचून घेणारं एक अॅपही मी वर्गात चालवून बघितलं, नाव घेत नाही. मूल वाचतं आणि अॅप ऐकून बरोबर-चूक सांगतं. मुलांना भारी आवडलं, तारे मिळतात म्हणून परत परत वाचत होती आणि घरी सरावाला ते चांगलंच आहे. पण तपासणीला म्हणाल तर नाही. वर्गातल्या गोंगाटात त्याला नीट ऐकू येईना, आणि "केयी" ला ते चूक देत राहिलं, एक मुलगा बिचारा तोच शब्द परत परत म्हणून रडकुंडीला आला. शेजारी बसलेलं माणूस मुलाच्या चेहऱ्याकडे बघतं, कधी थांबायचं ते त्याला कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तपासणी झाल्यावर काय? इथे मी जरा कळकळीने बोलते. प्रथमने हा कागद एका पद्धतीसोबत वापरलाय, मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता पातळीप्रमाणे बसवून रोज काही वेळ शिकवायचं, आणि ती उपयोगी पडते हे मोठमोठ्या अभ्यासांतून दिसलंय, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी प्रथमच्याच कामावर अभ्यास केलेत. माझ्याकडे परिपाठानंतर तासभर अक्षर-शब्दवाले एका कोपऱ्यात कार्डं घेऊन, उतारावाले जोडीने वाचत, गोष्टवाले पुस्तकपेटीपाशी, असं चालतं. चौथीचं मूल तिसरीच्या मुलासोबत बसलं तरी कोणी चिडवणार नाही एवढी काळजी घ्यायची, म्हणून गटांना पातळीची नावं द्यायची नाहीत, मी झाडांची नावं देते आणि मुलं पुढे सरकली की गट लगेच बदलते. पण ही तपासणी जर फक्त माहिती भरण्यासाठी झाली, एका दिवसात पट उरकला, रकाने भरले, फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना परत धडा पाचवा, तर मग हा कागद काढूच नका, मुलांचा तेवढा वेळ खेळायला द्या. वरून आकडा चांगला हवा असा दबाव आला की तपासणारा हळूच पहिलं अक्षर सुचवतो, उताऱ्याचा शब्द स्वतः पुटपुटतो, आणि मूल कागदावर वर जातं. ते मूल मग कोणाच्याच यादीत राहत नाही, त्याला मदत मिळायची ती बंद होते. याचा मला फार त्रास होतो. चावडी वाचनाला गावासमोर मुलं वाचतात तो उत्सव छान आहे, गावाला शाळेचं कौतुक वाटतं, पण ती तपासणी नव्हे, लाजाळू पोर तिथे निम्मंसुद्धा वाचत नाही.

पालकांनी घरी वापरावं का? हो, जरूर, कागद तितका सोपा आहे. फक्त मूल अडलं की ओरडू नका आणि शेजारच्याच्या पोराशी तुलना करू नका. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या आईवडिलांनी मराठीचा आणि इंग्रजीचा असे दोन्ही कागद वेगवेगळ्या दिवशी करून बघा, बऱ्याच घरांत दोन्हीकडे मूल शब्दांपाशीच अडलेलं निघतं आणि मार्कशीटवर मात्र ए ग्रेड असते.

खर्च म्हणाल तर प्रिंट आणि लॅमिनेशन धरून काहीच नाही, गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे किरकोळ पैशात होतं. लॅमिनेशन करताना चकचकीत नको म्हणून सांगा, व्हरांड्यातल्या उजेडात चमकतं आणि मुलांना अक्षर दिसत नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो अर्थाच्या प्रश्नांसाठी. वापरणार असाल तर जूनमध्ये एक नमुना, दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरा, फेब्रुवारीत तिसरा, असं करा आणि स्थलांतरित मुलं गाव सोडायच्या आधी त्यांचा एकदा नक्की घ्या, पातळी आणि कुठे अडतं ते एका चिठ्ठीवर लिहून आईच्या हातात द्या. कारखान्याजवळच्या शाळेत पोर बसलं तर तिथल्या बाईंना पहिल्या दिवसापासून कळेल की याला मुळाक्षरं नकोत, शब्द द्या.